मोबाइलवर मागचं ब्लर करताना: काय जमतं, काय जमत नाही

कार्तिकातल्या एका सकाळी आम्ही आजीला नाशिकच्या रामकुंडावर नेलं होतं. गुडघे दुखत असूनही ती पायऱ्या उतरली, तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि मामेभावाने मोबाइलवर फोटो काढला. आजीचा चेहरा फार छान आला. पण मागचा दुतोंड्या मारुती, घाटावरची देवळं, पाण्यात उभी असलेली माणसं असं सगळं विरघळून गेलं, कारण चेहरा स्पष्ट ठेवून मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड चालू राहिला होता. भावाने तो फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि फोनमध्ये जागा करायला मूळ फोटो काढून टाकला. आता तो ब्लर कशानेही निघत नाही. आजी त्यानंतर घाटावर गेली नाही.

तेव्हापासून मी हा विषय सोडला नाही. घरच्या लग्नांत, दिंडोरीकडच्या मामांच्या द्राक्षबागेत, येवल्याच्या पैठण्या विकणाऱ्या मावशीसाठी असे पुष्कळ फोटो काढले, त्यातले बरेच बिघडले, आणि ब्लर कुठे साथ देतो, कुठे दगा देतो ते हळूहळू कळलं. तुम्ही नवा फोन घेतला असेल आणि “मागचं ब्लर कसं करायचं” इथूनच सुरुवात करत असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

१. फोन उचलण्याआधी एक प्रश्न: मागचं हवंय की नकोय?

मोड, लेन्स, आकडे हे सगळं नंतर. आधी चेहऱ्यामागे काय आहे ते बघा. कॉलेज रोडवर मैत्रिणीचा फोटो काढताय आणि मागे उभ्या केलेल्या दुचाकी, फलक, वायरी दिसताहेत, तर ब्लर करा, त्यात काही जात नाही. पण पांडवलेणीच्या पायऱ्यांवर, काळारामाच्या दगडी ओवऱ्यांत किंवा गोदाघाटावर फोटो काढत असाल, तर ती जागा हाच अर्धा फोटो असतो. पंधरा वर्षांनी कुणीतरी तो बघेल तेव्हा “हे कुठलं गं?” असं विचारायची वेळ येऊ नये.

माझा नियम: ठरत नसेल तर पहिला फोटो साध्या मोडवर, दुसरा पोर्ट्रेटवर. साध्या फोटोला नंतर ब्लर देता येतो. ब्लर झालेल्यातून देऊळ परत आणता येईलच असं नाही.

२. ब्लर दोन प्रकारचा असतो

हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

पहिला खरा ब्लर. तो भिंगातून येतो. ज्या अंतरावर फोकस असतो तिथलं स्पष्ट दिसतं आणि त्याच्या पुढचं-मागचं क्रमाक्रमाने धूसर होत जातं. या धूसरपणाच्या पोताला फोटोग्राफर जपानी शब्दावरून बोके म्हणतात. मोठ्या कॅमेऱ्यात तो सहज मिळतो, कारण त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, मोठा असतो. फुल फ्रेम म्हणवणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. अनेक फोनमध्ये वापरला गेलेला १/२.५५ इंची सेन्सर मात्र जेमतेम ५.६ बाय ४.२ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळात पस्तीसएक पटीने लहान. सेन्सर लहान म्हणून भिंगही लहान, आणि म्हणून धूसरपणाही कमी. एफचा आकडा भिंगाचं भोक किती मोठं ते सांगतो: आकडा लहान तितकं भोक मोठं. पण फोनच्या डब्यावर एफ १.८ लिहिलेलं वाचून हुरळून जाऊ नका. एवढ्या सेन्सरवरचं एफ १.८ ब्लरच्या हिशेबाने फुल फ्रेमवरच्या एफ ११ च्या आसपास जातं. असा फोन दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर साधारण एक मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. १ इंची म्हणवणाऱ्या सेन्सरच्या महागड्या फोनमध्ये परिस्थिती बरीच बरी असते, पण तोही मोठ्या कॅमेऱ्याची बरोबरी करत नाही.

दुसरा बनवलेला ब्लर, म्हणजे पोर्ट्रेट मोड. यात फोन आधी सगळं स्पष्ट टिपतो, मग कोणती गोष्ट किती लांब आहे याचा अंदाज बांधून एक नकाशा तयार करतो आणि त्यानुसार मागचं धूसर करतो. अंदाज बांधायच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. २०१६ च्या आयफोन ७ प्लसने दोन लेन्समधून दिसणाऱ्या चित्रांतला किंचित फरक वापरला. आपण एक डोळा झाकून मग दुसरा झाकला की समोरचं बोट जागचं हलल्यासारखं दिसतं, तेच तत्त्व. २०१७ च्या गुगल पिक्सेल २ या फोनला मागे एकच लेन्स होती. त्याने सेन्सरवरच्या एकाच पिक्सेलच्या, म्हणजे ठिपक्याच्या, दोन अर्ध्या भागांतला अगदी बारीक फरक आणि माणूस ओळखायला शिकवलेला प्रोग्रॅम यांची जोड वापरली. काही फोन लेझरने अंतर मोजतात. कसंही असो, शेवटी तो अंदाजच असतो.

काही स्वस्त फोनच्या मागे अंतराचा अंदाज घ्यायला २ मेगापिक्सेलचा डेप्थ कॅमेरा म्हणून एक जादा गोल डोळा असतो. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. एकाच लेन्सचा पण चांगल्या प्रोग्रॅमचा फोन त्याहून नीट कडा कापतो.

३. हाताशी काय ठेवायचं

- चष्मा पुसायचं मऊ कापड. लेन्सवर बोटाचा तेलकट डाग असेल तर सगळाच फोटो दुधाळ येतो आणि तो ब्लर आहे असं वाटत राहतं.
- फोनमध्ये मोकळी जागा. पोर्ट्रेट फोटो साध्यापेक्षा जड असतात.
- गुगल फोटोज किंवा स्नॅपसीड यांपैकी एक ॲप, नंतर दुरुस्तीसाठी.
- दिवसाचा उजेड. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर.
- समोरचा माणूस दोन पावलं पुढे-मागे सरकायला तयार हवा. हे सगळ्यांत महत्त्वाचं.

४. अंतराचा खेळ

धूसरपणा बटणाने येतो असं आपल्याला वाटतं. तो येतो अंतराने. तीन गोष्टी लक्षात ठेवा: तुमच्यापासून माणूस किती लांब, माणसापासून मागची वस्तू किती लांब, आणि या दोहोंचं एकमेकांशी प्रमाण काय.

घरी नेहमी एक चूक होते. भिंतीला टेकवून उभं करतात आणि ब्लर शोधतात. पाठ भिंतीला लागली की ब्लर करायला मागे काही उरतच नाही. फोनही गोंधळतो: भिंत आणि खांदा एकाच अंतरावर असले, तर खांद्याची कड कुठे संपते ते त्याला कळत नाही. माणसाला भिंतीपासून किमान दोन-तीन मीटर पुढे आणा. अंगण असेल तर अंगणात आणा, मागे फाटक आणि त्यापलीकडचा रस्ता येऊ द्या. नुसत्या एवढ्या बदलाने निम्मे फोटो सुधारतात.

माणसाचा फोटो दीड ते दोन मीटरवरून काढा आणि फोनला २ पट किंवा ३ पट झूमची (2x, 3x) लेन्स असेल तर ती वापरा. साध्या १ पटीच्या लेन्सने हातभर अंतरावरून चेहरा टिपला तर नाक मोठं, कान बारीक आणि गाल ओढल्यासारखे दिसतात. तो दोष चेहऱ्याचा नसतो, अंतराचा असतो. आत्या कितीतरी वर्षं म्हणायची, “अगं, माझा फोटो काढू नकोस, मी चांगली येत नाही.” दोन पावलं मागे जाऊन ३ पटीवर काढला आणि तिने तो फोटो स्वतःहून फ्रेम करून घेतला. लांबच्या लेन्सचा आणखी एक फायदा: मागचा थोडाच भाग चौकटीत येतो, त्यामुळे धूसर करण्याआधीच पसारा कमी झालेला असतो.

लहान वस्तूंचा मामला वेगळा आहे. तिथे पोर्ट्रेट मोड बंद करा आणि जवळ जा. वर दोन मीटरचा हिशेब सांगितला तोच फोन १५ सेंटिमीटरवर आणला, की जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट राहतो आणि मागचं सगळं आपोआप विरघळतं. हा खरा ब्लर असतो. त्याच्या कडा कधी चुकत नाहीत. बागेत द्राक्षाचा घड टिपायचा तर असाच टिपा: मण्यांवरचा पांढरट थर, एखादा दवाचा थेंब, आणि मागे मांडवाची हिरवी सावली. पोर्ट्रेट मोडवर हाच फोटो घेतला तर वेलीचे ताणे आणि मांडवाच्या तारा मध्येच तुटतात.

जवळ जाताना एक गोष्ट सांभाळा. खूप जवळ गेलं की बरेच फोन न सांगता अल्ट्रावाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या, लेन्सवर उडी मारतात, त्याला ते मॅक्रो म्हणतात. पडद्यावर चित्र क्षणभर हललं आणि मागचं अचानक स्पष्ट झालं, तर तसं झालं असं समजा. मॅक्रोचं चिन्ह दाबून ते बंद करा, थोडं मागे या आणि २ पट झूम करा.

५. पोर्ट्रेट मोड लावल्यावर

चेहऱ्यावर, त्यातही फोनकडच्या डोळ्यावर बोट टेकवून फोकस द्या. “जवळ या” किंवा “लांब जा” अशी सूचना येत असेल तर ती जाईपर्यंत थांबा. घाईत दाबलं तर पुष्कळदा साधाच फोटो निघतो. मग ब्लरचा आकडा कमी करा. हा माझा सगळ्यांत आग्रहाचा सल्ला. आयफोनवर तो एफ १.४ ते १६ असा असतो आणि आकडा जितका लहान तितका ब्लर जास्त. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर साधी पट्टी असते. आयफोनवर मी बहुतेक वेळा एफ ४ ते ५.६ च्या मध्ये राहते, पट्टी असेल तर निम्म्याच्या खाली. कमी ब्लरमध्ये कडेच्या चुका झाकल्या जातात, आणि मागे झाड आहे की दुकान हेही समजतं. पूर्ण ब्लर केला की माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

उजेड कमी असला तर हा मोड टाळा. अंधारात अंतराचा अंदाजही कच्चा होतो. शिवाय काही फोन ३ पटीच्या लेन्सऐवजी मुख्य लेन्सचंच चित्र ताणून देतात, आणि त्वचा मेणासारखी दिसू लागते. हॉलमध्ये असाल तर माणसाला खिडकीजवळ बोलवा.

६. फोन हमखास कुठे फसतो

हा भाग नीट वाचा, कारण आपल्याकडच्या समारंभांत फोनला फसवणाऱ्या गोष्टी ठासून भरलेल्या असतात.

केस. सुटे, उडणारे, कुरळे केस. मागे आभाळ किंवा उजळ भिंत असेल तर केसांभोवती झाकणासारखी कड दिसते. मागे गडद झाडी घ्या, फरक लगेच कळेल.

मुंडावळ्या, नथ, गजरा. नवरीचा चेहरा समोरून घेतला तर नथ गालावर असते, म्हणून वाचते. बाजूने घेतला की तीच नथ मागच्या पार्श्वभूमीवर येते आणि तिचे अर्धे मोती गायब होतात. मुंडावळ्यांच्या लोंबत्या सरी, खांद्यावरून पुढे आलेला गजरा आणि झुमक्यांची पोकळी यांचं तेच होतं. भाचीच्या लग्नात तिच्या एका बाजूच्या मुंडावळ्या स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूच्या धुक्यात गेल्या होत्या. तो फोटो आम्ही मोठा छापून आणला आणि चूक तेव्हा दिसली. बाजूने फोटो घ्यायचा असेल तर साधा मोड, ३ पटीची लेन्स, आणि मागे लांबवर मोकळी जागा.

फेटा. तुऱ्याच्या बारीक चुण्या आणि मागे सोडलेला शेमला. चेहरा माणसाचा म्हणून फोन ओळखतो, शेमला त्याला मागचा पडदा वाटतो.

पोकळ्या. कमरेवर हात ठेवला की कोपर आणि कंबर यांच्यामध्ये त्रिकोण तयार होतो. त्यातून दिसणारं मागचं दृश्य बऱ्याचदा स्पष्टच राहतं आणि बाहेरचं सगळं धूसर. सायकलच्या आऱ्या, खुर्चीच्या पाठीची जाळी, पाळण्याच्या कड्या यांतही हेच.

काच, पाणी, वाफ. चष्म्याच्या काचेतून दिसणारा मागचा भाग स्पष्ट राहतो. काचेच्या पेल्याची कड वितळते. वाफाळत्या मिसळीच्या फोटोत वाफ पुढची की मागची हे फोनला ठरवता येत नाही, म्हणून तिचे तुकडे दिसतात. मिसळीचा फोटो साध्या मोडवर, ताटाच्या जवळ जाऊन, वाटीतल्या तर्रीवर फोकस करून घ्या. मागच्या पावाच्या लाद्या आपोआप मऊ होतात.

दुसरी रांग. कुटुंबाच्या फोटोत पुढे बसलेले स्पष्ट आणि मागे उभे असलेले काका धूसर, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. दोनपेक्षा जास्त माणसं असतील आणि ती एका रेषेत नसतील, तर पोर्ट्रेट मोड नको.

हालचाल. नाशिक ढोलाचं पथक, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या मोठ्या हौदात, उड्या घेणारी मुलं, रामकुंडावरची कबुतरं. अंतराचा नकाशा बनेपर्यंत ती दुसरीकडे गेलेली असतात. साधा मोड आणि भरपूर फोटो.

पायाखालची जमीन. उभ्या माणसाचा पूर्ण फोटो असेल तर पायांपाशी बघा. खऱ्या ब्लरमध्ये पावलांजवळची फरशी स्पष्ट असते आणि मागे मागे जाताना हळूहळू धूसर होते. बनवलेल्या ब्लरमध्ये कधी कधी बुटालगतच धुकं सुरू होतं आणि माणूस तरंगतो. अशा वेळी कमरेपासून वरचाच फोटो घ्या.

७. तिथल्या तिथे तपासा

फोटो काढला की लगेच दोन बोटांनी मोठा करून चार ठिकाणं बघा: कान, केसांची कड, बोटांच्या फटी, चष्मा. समारंभ संपल्यावर चूक दिसली तर नवरी पुन्हा मुंडावळ्या बांधून उभी राहणार नाही. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर जे खपून जातं, ते बारा बाय अठराच्या प्रिंटवर ठळक दिसतं, म्हणून छापायला देण्याआधी एकदा लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर बघा.

८. नंतरची दुरुस्ती आणि मूळ फाइल

आजीच्या फोटोमुळे मी या पायरीवर जास्त जोर देते. पोर्ट्रेट फोटोसोबत बऱ्याच फोनमध्ये तो अंतराचा नकाशाही साठवलेला असतो. त्यामुळे आयफोनवर फोटो उघडून एडिटमध्ये ब्लर कमी-जास्त करता येतो, पूर्ण काढताही येतो. सॅमसंगच्या गॅलरीतही मागचा इफेक्ट बदलण्याची सोय आहे. काही फोन साधा आणि ब्लर केलेला असे दोन्ही फोटो ठेवतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि पलीकडे पोचतं ते फक्त अंतिम चित्र. नकाशा मागेच राहतो.

म्हणून मूळ फोटो फोनमध्ये किंवा क्लाउडवर ठेवा, आणि कुणाला पूर्ण दर्जाचा पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नातेवाइकांनी तुमचे फोटो काढले असतील तर त्याच दिवशी सांगा: “दादा, ते फोटो डिलीट करू नकोस, मला मूळ फाइल दे.”

साध्या फोटोला ब्लर द्यायचा असेल तर गुगल फोटोजमध्ये ब्लरचं साधन आहे, माणसांच्या फोटोंवर ते बरं चालतं. स्नॅपसीडच्या लेन्स ब्लरमध्ये गोल किंवा पट्टा आखून त्याबाहेरचं धूसर करता येतं. ते कडा कापत नाही, त्यामुळे फुलं आणि खाद्यपदार्थ यांच्यासाठी मला ते जास्त आवडतं.

९. जिथे पोर्ट्रेट मोड लावूच नये

पासपोर्ट किंवा परीक्षेच्या अर्जाचा फोटो: खऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर, साध्या मोडवर. ब्लरमुळे कानांच्या आणि केसांच्या कडा खाल्ल्या जातात आणि अर्ज परत येऊ शकतो. आधार कार्ड, सातबारा, पावत्या यांचे फोटो काढतानाही हेच. कोपऱ्यातली अक्षरं धूसर झाली तर कागदाचा उपयोग नाही.

विकायच्या वस्तू: मावशीचे पैठणीचे पहिले फोटो मी हौसेने ब्लर करून दिले होते. गिऱ्हाइकांनी विचारलं, काठ नीट दिसत नाही, पदरावर मोर आहे की मुनिया? आता साडी सपाट पसरून, खिडकीच्या उजेडात, वरून, साध्या मोडवर काढते. पदराचा एक फोटो वेगळा, जवळून.

पिकावरचा रोग: द्राक्षाच्या पानावर डावणी आहे की भुरी हे विचारायला कृषी सल्लागाराला फोटो पाठवत असाल, तर पानाची दोन्ही बाजू कडेपासून कडेपर्यंत स्पष्ट हवी. डावणीचे तेलकट डाग वरच्या बाजूला आणि पांढरी वाढ खालच्या बाजूला दिसते. त्यात अर्धं पान धुरकट असेल तर समोरचा माणूस काय सांगणार?

१०. एका संध्याकाळचा सराव

गोदाघाटावर आरतीच्या आधी अर्धा तास जा. सोबत एक जण आणि एक पणती घ्या. पहिला फोटो माणसाचा, साध्या मोडवर, घाट पूर्ण दिसेल असा. दुसरा तिथेच, पोर्ट्रेट मोडवर, कमी ब्लरने. तिसरा तोच, पूर्ण ब्लरने. दिवेलागण झाली की चौथा: पणती फोनपासून वीतभर अंतरावर धरायला सांगा, तिच्या काठावर बोट दाबून ठेवून फोकस लॉक करा आणि मागे पलीकडच्या काठावरचे दिवे येऊ द्या. पोर्ट्रेट मोड बंद असतानाही ते दिवे गोल गोल पसरलेले दिसतील. पणती धरणाऱ्याचा पदर किंवा ओढणी ज्योतीपासून लांब आहे ना, तेवढं बघा. घरी येऊन चारही फोटो शेजारी शेजारी लावा, मोठे करा, आणि त्यातला कोणता छापायला द्यावासा वाटतो ते घरच्यांना विचारा.